उपाशीपोटीचं पाणी

पुढच्या खोलीतल्या त्या भिंतीकडं पाठ करून मी कधी बसले नाही. लहानपणी नाही, आणि त्या घरात सून होऊन आल्यावरही नाही. भिंतीवर चार फोटो होते. वर एका म्हाताऱ्याचा, त्याच्या बरोबर खाली दीड वर्षाच्या मुलीचा. शेजारी वर एका म्हातारीचा, आणि तिच्या खाली तीन वर्षांच्या मुलाचा. म्हाताऱ्यामागं दुसऱ्या दिवशी ती मुलगी गेली होती, म्हातारीमागं दुसऱ्या दिवशी तो मुलगा. मुलीचा जिवंतपणी फोटो काढायचा राहून गेला होता, म्हणून जो होता तो नंतरचा होता, काजळ घातलेला आणि डोळे मिटलेला. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे, बशीवरून डोळे वर करायचे आणि हळूच म्हणायचे की या घरातलं मेलेलं माणूस एकटं जात नाही.

तिसऱ्या जोडीची जागा तयारच होती. सुतारानं एका दमात सहा खिळे ठोकून टाकले होते, तीन वर, तीन खाली. उरलेले दोन का काढत नाहीत असं मी एकदा विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, असू दे. सासऱ्यांची खुर्ची नेमकी त्या दोन रिकाम्या खिळ्यांखाली असायची, कारण तिथं पंख्याचं वारं लागायचं. निदान मी तरी स्वतःला तसं सांगायचे.

सासूबाई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. तिला मी लग्नाआधीही आत्या म्हणायचे आणि नंतरही आत्याच म्हणते. आमच्यात आतेभावाशी लग्न होणं काही नवलाचं नाही. आत्यासुद्धा नात्यातच दिलेली. वडील श्रीपूरला साखर कारखान्यात होते, आमचं बिऱ्हाड तिथल्या वसाहतीत, आणि शाळेला सुट्टी लागली की मला सोलापूरला आत्याकडं सोडायचे. आत्याच्या यजमानांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग होते. घरात मराठीपेक्षा कन्नड जास्त चालायची. गुळाला बेल्ल म्हणतात हे मी तिथंच शिकले.

फोटोतला म्हातारा आत्याचा सासरा, आणि ती दीड वर्षाची मुलगी आत्याचीच. म्हातारी, म्हणजे आत्याची सासू, गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि त्याच घरात होते. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि त्याआधी माणसाला मांडी घालून बसवतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, पाठीला आधार. आडवं ठेवलेलं माणूस गेलंय हे पोरालाही कळतं. बसवलेलं माणूस मात्र घरातच आहे असं वाटतं, आल्यागेल्याकडं बघत. म्हातारीचे डोळे पुरते मिटले नव्हते.

ती दुपारी गेली. विजापूरकडची माणसं यायची होती म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला ठेवलं. तोवर चूल बंद. आम्हा पोरांना शेजारी नेऊन जेवू घातलं, पण सगळ्यात धाकट्याला नाही. त्या घराची एक रीत होती, कुणी घालून दिली देव जाणे. गेलेल्या माणसाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं ते सगळ्यात धाकट्या नातवंडानं, आणि माणूस गेल्यापासून पाणी घालेपर्यंत त्या नातवंडानं काही खायचं नाही. खरं तर आमच्या धर्मात सुतकसुद्धा मानत नाहीत. पण धर्मानं जे सोडलं तेच नेमकं घट्ट धरून बसायची आमच्या घराला खोड.

धाकटा म्हणजे आत्याचा तीन वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात हौदाच्या आड बसून गुळाचा खडा खात होते. शेजारणीनं हातावर ठेवला होता. तो आला, माझ्यापुढं उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, "बेल्ल."

मी म्हणाले, "अज्जी बघतीय. तू खायचं नाहीस."

त्यानं वळून दारातून आत पाहिलं. म्हातारी तिथून सरळ समोर दिसत होती. तो रडला नाही, हट्ट केला नाही. आत गेला आणि तिच्यासमोर जाऊन बसला. उरलेला खडा मी खाऊन संपवला आणि बोटं चाटली.

पाणी घालायच्या वेळी तो पेंगत होता. कुणीतरी त्याला मांडीवर घेतलं, त्याचा हात धरून म्हातारीच्या ओठांपाशी नेला. किती शहाणं लेकरू, बायका म्हणाल्या, जरा म्हणून त्रास नाही. नंतर त्याच्यापुढं ताट आणलं तर त्यानं तोंड फिरवलं. संध्याकाळी तो उठेना. रिक्षा करून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हातारी सकाळपासून त्याच्याकडंच बघत होती, असं मग एकेकीला आठवायला लागलं. मलाही ती त्याच्याकडंच बघताना दिसली होती.

पुढं मी शिकले आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे, हे वाक्य मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय की त्याचा मलाच कंटाळा आलाय. वर्गात मी भुताखेतांची टर उडवते. पण संध्याकाळी घरी आले की चपलांबरोबर माझं विज्ञानही दाराबाहेर राहायचं. पुढची खोली झाडतानासुद्धा मी भिंतीकडं तोंड ठेवूनच झाडायची.

माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना तिला ताप आला. आदल्या दिवशी दुपारपासून तिनं दूध घेतलं नाही, चमच्यानं घातलं ते ओकली, आणि रात्रभर किरकिरली. मग सकाळी मात्र नऊ वाजून गेले तरी शांत झोपून. आम्ही सगळे खूश, म्हटलं झोपू दे बिचारीला. आत्या एकटी पाळण्यापाशी उभी होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ही तशी झोपलीय."

तशी म्हणजे कशी, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नवऱ्यानं मोटारसायकल काढली. पोरगी माझ्या हातात भिजलेल्या टॉवेलसारखी लोंबत होती. घरातून निघताना आत्या आमच्याकडं बघत नव्हती, ती खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांकडं बघत होती. ते जिवंत आहेत की नाहीत हे ती बघत होती. घरात कुणी मेलेलं नसताना पोरीला न्यायला आलंय कोण, हा प्रश्न तिला पडला होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही पडला होता.

दवाखान्यात तिच्या रक्तातली साखर तळाला गेलेली निघाली. सलाईनमधून साखर चढवली आणि थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. तिथले लहान मुलांचे डॉक्टर वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे, पण चिकाटीचा माणूस. नुसतं बरं वाटलं म्हणून त्यांनी सोडलं नाही. जाड कागदावर रक्ताचे चार थेंब घेऊन तपासणीला बाहेरगावी पाठवले. निकाल आला तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं आणि विचारलं, याआधी घरात लहान मूल असं अचानक गेलंय का.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. नवऱ्यानं सांगितलं, दोन. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी त्या मुलांनी काय खाल्लं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नेलं कुणी, एवढंच सगळे विचारत आले होते.

त्यांनी एका विकराचं नाव सांगितलं. एन्झाइमचं नाव इंग्रजीत, लांबलचक. मी त्यांना म्हटलं, मी विज्ञानाची बाई आहे, सरळ सांगा. ते म्हणाले, पोटातलं अन्न संपलं की शरीर साठवलेल्या चरबीकडं वळतं. चरबीतली मेदाम्लं म्हणजे लांब लांब साखळ्या. तंतुकणिकेत एक विकर असतं, ते या साखळ्या तोडायला सुरुवात करतं. तुमच्या मुलीत ते नीट बनत नाही. तिनं वेळेवर खाल्लं तर ती चारचौघींसारखी. उपाशी राहिली, तापात खाल्लं नाही, की अंगात चरबी असून तिचा उपयोग नाही. मला श्रीपूर आठवलं. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि आत ऊस तोडणारी सुरी बंद पडलेली, मग कारखाना थंड. वडील अशा दिवशी जेवायला घरी यायचे नाहीत.

हा दोष आईकडून आणि वडलांकडून, दोघांकडूनही यावा लागतो, असंही ते म्हणाले. मी नवऱ्याकडं पाहिलं. माझा आतेभाऊ. आमच्या दोघांच्या रक्तात आत्याच्या माहेरचं एकच पाणी. त्याचा धाकटा भाऊ आणि बहीण त्या भिंतीवर होते, आणि त्याला त्या दोन्ही वेळी शेजारी नेऊन जेवू घातलं होतं. जेवला नसता तरी तो वाचला असता, डॉक्टर म्हणाले. दोष अर्धाच असला तर माणसाला काही होत नाही.

घरी आल्यावर मी भिंतीसमोर उभी राहिले. मला वाटलं होतं की आता भीती जाईल. ती गेली नाही, उलट वाढली. म्हातारा, म्हातारी निर्दोष सुटले होते. मग त्या दोन पोरांचा जीव कुणी घेतला?

घराची घडी बदलली. दर चार तासांनी मुलीच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, झोपताना डॉक्टरांनी सांगितलेलं मक्याचं पीठ पाण्यात कालवून, आणि तेलातुपाला जवळजवळ सुट्टी. सोलापुरात राहून शेंगाचटणीची चव माहीत नसलेली ती एकटीच असेल. आत्या हे सगळं घड्याळ लावून पाळायची. पण का पाळायचं, हे ऐकून घ्यायची नाही. मी तोंडाची फटकळ. एका रविवारी तिच्यासमोर वही घेऊन बसले, पेशी काढली, तंतुकणिका काढली, साखळी काढून ती कुठं तुटत नाही ते दाखवलं. म्हटलं, आत्या, कुणी नेलं नाही गं त्यांना. उपाशी होती ती.

आत्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. "अज्जीनं न्हेलं म्हणून मी जगले," ती म्हणाली. "उपाशी मारलं म्हणलीस तर मी कुटं जाऊ?"

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर तो विषय मी काढला नाही. माझीच मला लाज वाटली, कारण हौदाआडचा गूळ मीही कुणाला सांगितला नव्हता, नवऱ्यालासुद्धा नाही.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षी सासरे गेले. सकाळी उठून ते खुर्चीत येऊन बसले, आणि चहा आणला तोवर नव्हते. मुलीला दोन दिवस सर्दी होती, आणि तिचं सकाळचं खाणं व्हायचं होतं. मी डॉक्टरला आणायला पळाले, मग फोन, मग माणसं. मला वाटलं नवऱ्यानं तिला भरवलं असेल, त्याला वाटलं मी. शहाण्यांच्या घरात असंच होतं. सासऱ्यांना बसवलं, भस्म लावलं, हार घातले, ते त्याच भिंतीला पाठ लावून. हुबळीहून त्यांचा भाऊ यायला तीन वाजणार होते. कुणीतरी रीतीप्रमाणे गॅसचं रेग्युलेटर काढून ठेवलं.

दहाच्या पुढं मला मुलगी दिसली. आजोबांच्या समोर मांडी घालून बसली होती, त्यांच्यासारखीच, पाठ ताठ. ओठ पांढरे, कपाळावर घाम. पाय दुखतात म्हणाली. मी विचारलं, काय खाल्लंस. काही नाही. रात्रीच्या पिठानंतर बारा तास होऊन गेले होते. माझ्या पिशवीत तिचा डबा कायम असतो, तो काढला, केळं सोललं, तिच्या तोंडाशी नेलं. तिनं दात घट्ट मिटले.

"अज्जाला पाणी द्यायचंय," ती म्हणाली. "उपाशीपोटी द्यायचं असतं."

कुणी सांगितलं म्हणून मी ओरडले. सासऱ्यांच्या एक चुलत बहीण दारात बसल्या होत्या, त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. एका दिवसानं काय हुतंय, त्या म्हणाल्या. मी मुलीचे गाल दाबून केळं कोंबलं, तिनं ते थुंकलं. आजोबांवर तिचा फार जीव. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अज्जा बघतोय."

सासऱ्यांचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ते तिच्याकडंच होते. त्यांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, तो मुलगा होता. विज्ञानाची बाई म्हणून मी जे काही होते ते त्या क्षणी कुठं गेलं मला माहीत नाही. मी हातात केळं धरून तशीच बसून राहिले, सहा वर्षांची असल्यासारखी. नवरा गाडी काढायला बाहेर धावला.

आत्या सकाळपासून सासऱ्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. ती उठली. गेलेल्या नवऱ्याजवळून बाईनं उठायचं नसतं म्हणून दोघीतिघींनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. आतून रेग्युलेटर बसवल्याचा आवाज आला, मग लायटरचा. मेलेला माणूस घरात बसलेला असताना त्या घरात पहिल्यांदा भात शिजल्याचा वास आला.

ती वाटी घेऊन बाहेर आली. मऊ भात, त्यात गूळ. सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि पहिला घास तिनं स्वतः खाल्ला, सगळ्यांच्या देखत. मग त्यांच्याकडं वळून, रोज बोलायची तसं बोलली.

"दोन लेकरं आपण उपाशी ठिवून घालवली. हिला न्हाई ठिवणार."

तिनं दुसरा घास मुलीपुढं धरला. मुलीनं विचारलं, जेवून पाणी दिलं तर अज्जाला चालतंय का. आत्या म्हणाली, "लई चालतंय." मग मुलीनं तोंड उघडलं. वाटी संपली, अजून अर्धी घेतली. ओठांना रंग आला तसं मी हातातलं केळं खाली ठेवलं. तरी आम्ही तिला दवाखान्यात नेऊन दाखवून आणलं, आणि तीन वाजता तिनं भरल्या पोटानं आजोबांना पाणी दिलं. विधी करायला आलेल्या स्वामींना सासऱ्यांच्या त्या चुलत बहिणीनं तक्रारीच्या सुरात विचारलं. उपाशीपोटीचं असं कुठंच सांगितलेलं नाही, ते म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

सासऱ्यांचा फोटो नवऱ्यानं वरच्या खिळ्याला लावला. खालच्या खिळ्याला मुलगी आता शाळेची पाण्याची बाटली अडकवते. मला ते बघवत नव्हतं, पण काढ म्हणायचं धाडसही झालं नाही. हळूहळू सवय झाली.

महिन्याभरानं एका दुपारी आत्या आणि मी त्या खोलीत तांदूळ निवडत बसलो होतो. मी नेहमीप्रमाणं भिंतीकडं तोंड करून. आत्यानं सुपातून मान वर न काढता विचारलं, "तू व्हतीस की त्या दिवशी. तुज्याकडं काय मागितलं का गं त्यानं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. मी म्हणाले, "बेल्ल मागितला होता, आत्या. मी एकटीनं खाल्ला."

आत्या एक खडा सुपाबाहेर टाकून म्हणाली, "माज्याकडंबी त्योच मागितला व्हता."